प्याल्याची कड

पाळकाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "आठवड्यातून एकच दिवस काम, नाही का हो?" आणि दुसरा, "तुम्ही लोक नक्की मानता तरी काय?" पहिल्या प्रश्नाला मी सेवेत असताना हसून उत्तर देत असे, आता देत नाही. दुसऱ्याचं उत्तर लिहायला या अंकाच्या संपादकांनी मला पानं दिली आहेत. "सोपं लिहा, प्रवचन नको," असं त्यांनी फोनवर बजावलं. प्रवचनाने काय होतं आणि काय होत नाही हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेव्हा त्यांनी निश्चिंत असावं.

माझी शेवटची आणि सर्वांत लांबलेली नेमणूक पुण्यातल्या लष्कर भागाच्या कडेला असलेल्या एका मराठी मंडळीत झाली. मंडळी म्हणजे देवळात येणारी सगळी माणसं मिळून. इमारत दगडी, वर घंटा, आवारात मोठं चिंचेचं झाड. आम्ही जुने लोक तिला देऊळच म्हणतो. रिक्षावाल्याला मात्र चर्च सांगावं लागतं, नाहीतर तो भलत्याच देवापुढे नेऊन सोडतो. मंडळीचा कारभार पंच बघतात. पाळक उपासना चालवतो, बाप्तिस्मे देतो, लग्नं लावतो, माणसं पुरतो आणि उरलेल्या वेळात पंचांचं ऐकतो. या शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो.

गिऱ्हाईक हा शब्द पाळकाने वापरू नये, पण दुसरा सुचत नाही. एक गृहस्थ मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी इतके घायकुतीला आले होते की मला त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटलं. मिशनच्या शाळेचे प्रवेश आटोपले आणि ते कुटुंब मला पुन्हा फक्त लक्ष्मी रस्त्यावर दिसलं. दुसरे एक जण व्हिसासाठी प्रार्थना करून घ्यायला येत. व्हिसा मिळाल्यावर त्यांनी माझ्याकडे देशाबद्दल तक्रार केली. लग्नाआधी तीन रविवार आम्ही जोडप्याची नावं देवळात जाहीर करतो आणि कोणाची हरकत असल्यास सांगावी, असं म्हणतो. एकदा चक्क मुलाची आईच उभी राहिली. मी हातातलं पुस्तक मिटलं. तर बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, मुलीकडच्यांनी आम्हाला अजून जेवायला बोलावलेलं नाही." ती हरकत पुढच्या शनिवारी मटणाच्या रश्श्यावर मिटली.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगून मी संमेलनांत बऱ्यापैकी लोकप्रियही झालो. पण मला सांगायचं आहे ते दुसरंच, आणि ते सांगताना कोणी हसत नाही.

आम्ही काय मानतो ते दर रविवारी सगळे उभे राहून एका सुरात म्हणतो. साध्या भाषेत ते असं. जग निर्माण करणारा एक देव आहे. तो वरच बसून राहिला नाही. माणूस होऊन आला, सुताराच्या घरात वाढला, ज्यांच्या पंक्तीला कोणी बसत नसे त्यांच्या पंक्तीला बसला, आणि माझ्या मते बरंचसं त्यापायीच मारला गेला. तो मेलेल्यांतून उठला. त्याच्या मरणाने आमच्या पापांची क्षमा झाली. ज्यांना क्षमा झाली त्यांनी एकमेकांना क्षमा करायची, एकमेकांना धरून राहायचं आणि बाहेर उभा असेल त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं. मंडळी असते ती एवढ्यासाठी. गायनवर्ग, संडे स्कूल, नाताळचं जेवण, हे सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

हे म्हणायला फारसा वेळ लागत नाही. आपण ते मानतो की नुसतं म्हणतो, हे महिन्याच्या पहिल्या रविवारी कळतं, कारण त्या दिवशी प्रभुभोजन असतं.

येशूने मरणाआधीच्या संध्याकाळी आपल्या माणसांबरोबर भाकर मोडली आणि एकच प्याला सगळ्यांत फिरवला, त्याची ही आठवण. आमच्याकडे दारू चालत नाही, म्हणून शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात काळ्या मनुका उकळत. शीला, माझी बायको, तो रस फडक्यातून गाळून गार करत ठेवी. रविवारी लोक पुढे येऊन भाकर आणि प्याला ठेवलेल्या मेजासमोरच्या लाकडी कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकतात. पाळक एका टोकापासून प्याला घेऊन निघतो. एकाने घोट घेतला की पांढऱ्या फडक्याने प्याल्याची कड पुसायची, प्याला जरासा फिरवायचा आणि पुढच्याच्या ओठांना लावायचा. घोट, पुसणं, फिरवणं. इतकी वर्षं केल्यावर हात ते आपोआप करतात, डोकं कुठेही असो. शेवटी उरेल ते पाळकाने पिऊन टाकायचं, असा नियम आहे.

मराठी वाचकाला यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको. फडक्याने कितीही पुसलं तरी ते उष्टंच. आपल्या देशात उष्ट्यापायी विहिरी वेगळ्या झाल्या, पंगती वेगळ्या झाल्या, माणसं गावाबाहेर राहिली. आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांचे आजे-पणजे त्याच गावकुसाबाहेरून आलेले. देव एक आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तीन, हे कोणी त्यांना समजावलं असेल आणि ते त्यांना उमगलं असेल, असं मला वाटत नाही. मलाही ते अजून नीट उमगलेलं नाही. त्यांना प्याला कळला. कोणीतरी आपल्या आधी ओठ लावलेला प्याला आपल्याला देतो, आणि आपण ओठ लावलेला प्याला पुढचा माणूस घेतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं.

आमचे सेक्रेटरी थोरातसाहेब आपल्या आजोबांची हीच गोष्ट दर वर्धापनदिनाला सांगत. थोरात मोठ्या कंपनीत इंजिनियर होते, निवृत्तीनंतर त्यांनी सगळा वेळ देवळाला दिला. माणूस टापटिपीचा, शब्दाचा पक्का. आजोबांनी पहिल्यांदा प्याल्याला ओठ लावले तेव्हा ते कठड्यावर डोकं टेकून रडले, असं सांगताना दर वर्षी थोरातांचाही आवाज जड होई. ते नाटक नव्हतं, हे मी मुद्दाम नमूद करतो. नाटक असतं तर मला इतका राग आला नसता.

आमच्या देवळाबाहेरचा रस्ता झाडायला महानगरपालिकेची एक बाई येत असे. शेवंताबाई. सोलापूर रस्त्याकडच्या एका गावची, लग्न होऊन हडपसरला आलेली, लवकर विधवा झालेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडूचं काम. रविवारी ड्यूटी संपली की ती आवारातल्या चिंचेखाली टेकून थर्मासमधला चहा पीत असे. तिथून देवळाचं बाजूचं दार उघडं असलं की कठडा सरळ दिसतो.

एका रविवारी उपासना सुटल्यावर तिने मला गाठलं.

"सायेब, त्यो गिलास मधी धूत न्हाई का?"

"कुठला? प्याला? नाही. नुसता पुसतो."

"आन तरी बी त्ये प्येत्यात?"

"पितात की."

"समदे?"

"सगळे."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. पुढच्या महिन्यात ती दाराशी येऊन उभी राहिली, खात्री करून घ्यायला. मग आत शेवटच्या बाकावर बसू लागली. गाणी ऐकून ऐकून पाठ केली. बाप्तिस्मा हवा म्हणाली तेव्हा मीच तिला थांबवलं. नीट विचार करा म्हटलं, घरच्यांशी बोला म्हटलं, वर्षभर ताटकळत ठेवलं. हल्ली आमच्यावर आरोप होतो की आम्ही आमिष दाखवून माणसं ओढतो. शेवंताबाईला पक्की नोकरी होती, पुढे पेन्शन होती, माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. मी तिला आमिष दाखवलं असेल तर ते एका घोटाचं.

तिचं पहिलं प्रभुभोजन मी विसरणं शक्य नाही. ती कठड्याच्या शेवटाला गुडघे टेकून बसली होती. मी प्याला घेऊन तिच्यासमोर आलो आणि तिने दोन्ही हातांची ओंजळ करून हनुवटीखाली धरली. मान थोडी मागे, तोंड किंचित उघडं. मी वरून ओतीन म्हणून ती वाट बघत होती. लहानपणापासून ती दुसऱ्याच्या दारात पाणी तसंच पीत आली होती.

देवळात सगळ्यांनी ते पाहिलं. प्रार्थनापुस्तकात या प्रसंगासाठी काही दिलेलं नसतं. तिच्या शेजारी थोरातसाहेबांच्या आई होत्या, वयाने खूप थकलेल्या, सगळे त्यांना आजी म्हणत. आजींनी हात पुढे करून शेवंताबाईची ओंजळ अलगद खाली दाबली आणि म्हणाल्या, "बाई, इथं तसं नाही. ओठ लाव." तिने ओठ लावले. मी कड पुसली, प्याला फिरवला. आजी खरं म्हणजे तिच्या आधी प्यायल्या होत्या, पण त्यांनी माझा हात धरला आणि तिच्यामागून पुन्हा एक घोट घेतला.

नियमात ते बसत नव्हतं. पण एवढ्या वर्षांत त्या कठड्यावर खऱ्या अर्थाने जर काही घडलं असेल, तर ते त्या दिवशी.

पुढे दर पहिल्या रविवारी आजी शेवंताबाईला आधी बसवत आणि मुद्दाम तिच्या पुढे, तिच्यानंतर प्याला येईल अशा जागी बसत. आजी होत्या तोवर कोणाला काही बोलायची प्राज्ञा नव्हती. मग आजी गेल्या. त्यांना मीच पुरलं. शेवंताबाई दफनभूमीत सर्वांच्या मागे उभी होती, आणि माती द्यायची वेळ आली तेव्हा सर्वांच्या शेवटी तिने माती दिली.

त्यानंतर आमच्या मंडळीत एक चमत्कार झाला. एरवी पहिलं गाणं संपल्यावर पदर सावरत, पार्किंग मिळालं नाही म्हणत येणारी माणसं प्रभुभोजनाला लगबगीने पुढे येऊ लागली. कठड्याकडे जायची सगळ्यांना घाई. मला वाटलं, प्रवचनाचा परिणाम! शीलाने घरी आल्यावर माझा भ्रम दूर केला. "अहो, त्यांना शेवंताबाईच्या आधी प्यायचंय," ती म्हणाली. "तुम्ही प्याल्याकडे बघता, मी ओळीकडे बघते."

पुढच्या महिन्यात मीही ओळीकडे पाहिलं. शेवंताबाई गुडघे टेकून बसली की तिच्या पुढची जागा रिकामी राही. बाकांवर माणसं थांबलेली असत, तरी कोणी तिथे येत नसे. ती उठून गेली की पुढची ओळ भरे, आणि त्या ओळीत येणारे बहुतेक तरुण, ज्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणारे सगळे आधीच पिऊन मोकळे झालेले. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. कोणी कोणाला बोललं नसेल. न बोलता इतकी शिस्त आमच्या गायनवर्गाला मी कधी लावू शकलो नाही.

मी त्यावर प्रवचन दिलं. दारात हात मिळवताना सगळे म्हणाले, "फार छान बोललात, साहेब." पुढच्या पहिल्या रविवारी जागा रिकामीच होती.

आणि मग पंचांच्या सभेत विषय आला, लहान पेल्यांचा. ज्याला-त्याला स्वतंत्र बोटभर पेला, एका ट्रेमध्ये लावलेले, पंचांनी ते बाकांवर फिरवायचे. पुष्कळ मंडळ्यांत तसं असतं, त्यात धर्माच्या दृष्टीने वावगं काही नाही, हे मीही मान्य करतो. थोरातसाहेबांनी विषय मांडला. लाळेतून काय काय पसरतं याची माहिती त्यांनी एका डॉक्टर बाईंकडून आणली होती.

मी म्हटलं, "थोरातसाहेब, हा प्याला इथे तुमच्या आजोबांच्या आधीपासून फिरतोय. जंतू आत्ताच आले का?"

"साहेब, तेव्हा लोकांना माहिती नव्हती."

"आणि तुमच्या आई असेपर्यंत?"

ते एकदम ताठ झाले. "तुम्ही यात जात आणताय. इथे कोणी जात मानत नाही. म्हणून तर आपण ख्रिस्ती आहोत. हा निव्वळ हायजीनचा प्रश्न आहे."

"मग शेवंताबाईच्या पुढची जागा रिकामी का राहते?"

चहा आला, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. तो असा बरीच वर्षं पुढे ढकलला जात राहिला, कारण मी अडून बसलो होतो. लोक मला हटवादी म्हणू लागले. एका पंचाने मला प्रेमाने विचारलं, "एका बाईसाठी एवढं कशाला ताणता?" मी म्हटलं, एकासाठी ताणायचं नाही तर कितीजणांसाठी ताणायचं ते सांगा, म्हणजे मी मोजायला लागतो.

मग कोरोना आला. देवळाला कुलूप लागलं, मी मोबाइलसमोर उपासना चालवू लागलो, आणि शेवंताबाई तोंडाला फडकं बांधून रिकामा रस्ता झाडत राहिली, कारण रस्त्यांना सुट्टी नव्हती. देऊळ उघडलं तेव्हा प्लॅस्टिकचे लहान पेले आले, आणि त्या वेळी ते यायलाच हवे होते. मीच ते मागवले. साथ सरली, मास्क उतरले, लग्नांत पुन्हा बुफेची झुंबड सुरू झाली, एकाच पाणीपुरीवाल्याच्या हंड्यात आमची अर्धी मंडळी बुचकळून निघाली. मी सभेत म्हटलं, आता प्याला परत आणू या. थोरातसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूने माझा हात होता.

प्याल्याचं काय करायचं हा प्रश्न उरला. तो चांदीचा मुलामा दिलेला, जुना, पोचे पडलेला. थोरातसाहेबांनी स्वखर्चाने काचेचं कपाट करून घेतलं आणि प्याला त्यात ठेवला, वर छोटा दिवा. "आपला वारसा आहे साहेब, जपला पाहिजे," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्याच सुमाराला मंडळीने फाटकाशी एक ग्रॅनाइटचा फलक लावायचं ठरवलं, 'आमची श्रद्धा आणि उद्देश'. मजकूर मी लिहावा, असं ठरलं. मी वर जे लिहिलं आहे साधारण तेच लिहून दिलं आणि शेवटी एक वाक्य जोडलं : या मेजाशी कोणी आधी नाही, कोणी मागून नाही, आम्ही सगळे एकाच प्याल्यातून पितो. कागद परत आला तेव्हा त्या वाक्याचा दुसरा भाग खोडलेला होता. मी थोरातांना फोन केला.

"साहेब, भावना पोचली," ते म्हणाले. "पण आता ते वस्तुस्थितीला धरून नाही. लोक वाचतात. चुकीची माहिती नको."

मी फोन ठेवला. फलक लागला. 'कोणी आधी नाही, कोणी मागून नाही' सोनेरी अक्षरांत आहे. रस्त्यावरून जाताना कोणीही वाचावं.

माझ्या निवृत्तीआधीचं शेवटचं प्रभुभोजन. पंच ट्रे घेऊन बाकांवर फिरत होते. आता कठड्याशी यायचं कारण नव्हतं. बसल्या जागी पेला येतो, बसल्या जागी संपतो. शेवटच्या बाकाकडे थोरातसाहेब स्वतः गेले. त्यांनी ट्रे शेवंताबाईपुढे धरला, अगदी आदराने, किंचित वाकून. ती पेला घेईना. मी मेजापाशी उभा होतो. मला दिसलं, तिने दोन्ही हात उचलले आणि हनुवटीखाली ओंजळ धरली.

थोरात गोंधळले. हळू आवाजात म्हणाले, "अहो, घ्या ना. हा तुमचाच आहे."

देवळात शांतता होती, आणि तिला हळू बोलायची सवय नव्हती.

"माजाच हाय, त्येच म्हनते मी," ती म्हणाली. "आमच्या गावात हाटेलात बी आमचा येगळाच कप व्हता. वळचणीला खिळ्याला टांगलेला. प्यायचा आन आपला आपन धुवून ठिवायचा. येगळा कप मला नवा न्हाई, सायेब. त्यापरीस वरनं वता."

थोरात ट्रे धरून तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. त्यांच्या आईने खाली दाबलेली ओंजळ ती होती, आणि ते त्यांनाही आठवलं असणार. ते त्या दिवशी त्याच ओळीत होते. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस वळेल, कपाट उघडेल. किल्ली त्यांच्याच खिशात असे.

ते पुढच्या बाकाकडे गेले. ऑर्गनवाल्याने प्रसंगावधान राखून गाणं सुरू केलं. उपासना संपल्यावर त्यांनी मला निरोपाची शाल दिली आणि भाषणात म्हणाले की, साहेबांनी आम्हाला समतेची शिकवण दिली.

आता मी हडपसरला राहतो. नव्या पाळकाच्या कामात लुडबुड नको म्हणून मधल्या बाकावर बसतो. नवा मुलगा चांगला आहे, इंग्रजी-मराठी मिसळून बोलतो, तरुण मंडळी खूश आहेत. देवळाबद्दल लोक मला विचारतात, तुम्ही आयुष्यभर जे शिकवलंत ते खरं आहे का? खरं आहे, असंच मी सांगतो. माझा देवाशी वाद नाही. मी एका बाईला बाजूच्या दारातून दिसणारं घर दाखवलं, या, सगळ्यांचं आहे म्हटलं, आणि ती आत येऊन बसल्यावर घरच्यांनी ताटं वाटून घेतली. माझा वाद आहे तो एवढाच, आणि तो मिटवायला देव मध्ये पडत नाही.

शेवंताबाईही निवृत्त झाली. ती मंडळी सोडून गेली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान मी तिच्या बाजूने रागावू शकलो असतो. पण ती येते. उपासनेआधी चिंचेखालचा पाचोळा झाडते, कोणी सांगितलेलं नसताना. गाणी मोठ्याने म्हणते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रे बाहेर आले की उठते आणि चिंचेखाली जाऊन बसते, पूर्वी बसायची तिथेच.

गेल्या महिन्यात ट्रे निघाले तेव्हा मीही उठलो. शीलाला म्हटलं, गुडघे आखडलेत, जरा पाय मोकळे करून येतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. बाहेर येऊन मी शेवंताबाईशेजारी पारावर बसलो. तिने थर्मास उघडला, त्याच्या झाकणात चहा ओतला. झाकण एकच.

"घ्या, सायेब."

"आधी तुम्ही," मी म्हटलं.

तिने अर्धा चहा पिऊन झाकण माझ्यापुढे धरलं. "उष्टा हाय."

"त्यासाठीच आलोय," मी म्हणालो. हे वाक्य मी आतून निघतानाच ठरवून ठेवलं होतं, आणि ते मला शोभून दिसलं.

मी झाकण हातात घेतलं. ओठांपर्यंत नेलं, आणि मग माझं मलाच दिसलं. डाव्या हाताने खिशातून रुमाल काढला होता. झाकणाची कड पुसून झाली होती. झाकण जरासं फिरवूनही झालं होतं.

शेवंताबाई बघत होती.

"सवय हो," मी म्हटलं. "हाताची सवय. एवढी वर्षं तेच केलं. दुसरं काही नाही."

"मी कुटं काय म्हनले?" ती म्हणाली. "आत बी समद्यांची सवयच हाय ती. प्या, गार व्हतोय."

मी प्यालो. आतून गाण्याचा आवाज येत होता. तिने माझ्या हातातलं झाकण परत घेतलं, न पुसता त्यात उरलेला चहा ओतला आणि पिऊ लागली.